जाहीरनाम्यातला समुद्र

निवडणूक आली की कोकणात समुद्राला भाव येतो. एरवी पाच वर्षे ज्याच्याकडे पाठ करून गावाचा कारभार चालतो, तो समुद्र प्रचारपत्रकाच्या पहिल्या पानावर येऊन बसतो. मागे मावळता सूर्य, कोपऱ्यात भगवतीचा किल्ला आणि मध्यभागी हात जोडलेला उमेदवार. डिसेंबर २०२५ मध्ये रत्नागिरी नगर परिषदेची निवडणूक झाली, तेव्हा अशी पत्रके आमच्या मांडवीत घरोघर आली. याआधीची सार्वत्रिक निवडणूक २०१६ची. त्या सभागृहाची मुदत संपल्यावर सुमारे चार वर्षे नगरपालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्यामुळे उमेदवारांना विचार करायला उसंत भरपूर मिळाली होती. पत्रकांचा कागदही चांगला गुळगुळीत होता.

उमेदीची सगळी वर्षे बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेल्यामुळे कोणताही छापील कागद हाती आला की मी तो शेवटाकडून वाचू लागतो. परतफेड कशातून होणार ते आधी पाहायचे, तारण काय आहे ते नंतर, आणि अर्जदाराच्या स्वप्नांकडे सर्वांत शेवटी वळायचे. ही पत्रकेही मी तशीच वाचली. किनाऱ्याचे सुशोभीकरण, धूपप्रतिबंधक बंधारा, पर्यटनाला चालना, मुबलक पाणी, स्वच्छ आणि सुंदर शहर. ‘पर्यावरण’ हा शब्द बहुतेकांनी वापरला होता आणि बहुतेकांनी तो ‘बागबगीचा’ या अर्थाने वापरला होता. पैसे कुठून येणार, याचा रकाना कुणाच्याच पत्रकात नव्हता.

प्रचाराला आलेल्या मंडळींना ओसरीवर बसवून पर्यावरणाबद्दल छेडले, तर मात्र गाडी एकदम वेगळ्या रुळावर जाते. मग रिफायनरी निघते, जैतापूर निघते. प्रत्येकाचे मत ठाम असते आणि आवाज चढलेला असतो. गंमत अशी, की या दोन्हींपैकी एकाही विषयात रत्नागिरी नगर परिषदेला काडीचाही अधिकार नाही. जे आपल्या हातात नाही त्याबद्दल कडकडीत मत आणि जे आहे त्याबद्दल मौन, असा हा प्रकार. त्यात उमेदवारांचा सगळाच दोष आहे, असे मी म्हणणार नाही. ही सवय आपल्या जिल्ह्याला इतिहासाने लावली आहे.

पहिला धडा स्टरलाइटचा. १९९०च्या दशकाच्या आरंभी रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत या कंपनीचा तांबे शुद्ध करण्याचा कारखाना येऊ घातला होता. जमीन मिळाली, बांधकामही सुरू झाले. आंबा बागायतदार उठले, मच्छीमार उठले, शहरातली पांढरपेशी मंडळीही बाहेर पडली. १९९३च्या जुलैत काम थांबवण्याचा आदेश निघाला. हापूसच्या मोहोरावर गंधकाचा धूर बसला तर काय होईल, हे समजायला कुणाला शास्त्रज्ञ व्हावे लागले नाही. त्या वेळी या विषयावर दोन मते असलेला राजकीय कार्यकर्ता इथे शोधूनही सापडला नसता. पुढे कारखाना तामिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तिथे २२ मे २०१८ रोजी त्याच कारखान्याविरुद्धच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, तेरा माणसे गेली आणि काही दिवसांतच कारखान्याला टाळे लागले. आपल्या विजयाच्या गोष्टी आपण अजून सांगतो. त्या गोष्टीचा दुसरा खंड तमिळमध्ये लिहिला गेला, हे मात्र सांगायचे राहून जाते.

दुसरा धडा एन्रॉनचा, आणि तो खास निवडणुकीचा आहे. १९९५च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने दाभोळचा वीज प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली. युतीचे सरकार आले, ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाल्याची घोषणाही झाली. जानेवारी १९९६ मध्ये फेरवाटाघाटी होऊन तोच प्रकल्प मोठा होऊन वर आला! यात कोण कसे वागले यावर रकाने भरून लिहिले गेले आहे, त्यात मी भर घालत नाही. मला खुपते ते वेगळेच. अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांतल्या माणसांची चिंता जमिनीची, गोड्या पाण्याची आणि खाडीतल्या मासळीची होती. मुंबईत वाद रंगला तो मुख्यतः विजेच्या दराचा आणि कराराच्या कलमांचा. दर थोडा खाली आला आणि वाद ‘मिटला’. मासळी त्या करारात नव्हतीच, त्यामुळे तिच्याबद्दल फेरवाटाघाटी होण्याचा प्रश्न आला नाही. गावकऱ्यांवर ज्या रीतीने बळाचा वापर झाला त्यावर ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने १९९७ मध्ये अहवाल काढला. पुढे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, तोही विजेच्या दरामुळेच आणि बिलांच्या भांडणात.

जैतापूरचे सर्वांना ठाऊक आहे. रिफायनरीचे प्रकरण तर अगदी अलीकडचे. नाणारच्या परिसरात राजापूर तालुक्यातली चौदा आणि देवगडमधली दोन गावे धरून प्रकल्प आखला गेला. गावागावांतून विरोध झाला, आणि २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, मार्चमध्ये, भूसंपादनाची अधिसूचना मागे घेतली गेली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री असलेल्या उद्धव ठाकरे यांनी बारसूची जागा सुचवणारे पत्र पंतप्रधानांना लिहिले. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाचे काम सुरू झाले, लोक आडवे झाले, लाठ्या आणि अश्रुधूर झाला. मे महिन्यात ठाकरे स्वतः, आता विरोधी पक्षात असताना, आंदोलकांना भेटायला आले. त्यांच्याच पक्षाचे खासदार विनायक राऊत आंदोलकांच्या बाजूने आणि आमदार राजन साळवी प्रकल्पाच्या बाजूने, असेही चित्र राजापूरने पाहिले. हे एका पक्षापुरते नाही. सत्तेत असताना एक आणि बाहेर असताना दुसरे, हा फरक सगळ्याच झेंड्यांखाली आढळतो.

या सगळ्यातून मतदार एक गोष्ट शिकला: मोठ्या प्रकल्पाविषयी उमेदवाराचे मत विचारायचे असते. उमेदवारही एक गोष्ट शिकला: ते मत दिल्याने खर्च काही होत नाही.

आता जरा मांडवीच्या जेटीवर चला. ‘मांडवी’ म्हणजे जकातघर. बंदरात उतरलेल्या मालावर हक्क वसूल करण्याची जागा. मुंबई-गोव्याच्या बोटी बंद झाल्या, माल उतरेनासा झाला, नाव तेवढे राहिले. जेटीच्या टोकाला उभे राहिले की उत्तरेला किल्ल्याचा डोंगर आणि त्यापलीकडे मिऱ्या, दक्षिणेला भाट्याच्या खाडीचे मुख आणि सुरूचे बन. पायाखाली काळी वाळू. याच काळेपणामुळे आमच्याकडल्या किनाऱ्याला ‘काळा समुद्र’ म्हणतात आणि मिऱ्याकडल्याला ‘पांढरा समुद्र’. तो काळेपणा घाणीचा नव्हे, इल्मेनाइट नावाच्या खनिजाचा आहे. पाहुण्यांना हे समजावून सांगण्यात आम्हा मांडवीकरांचे अर्धे आयुष्य जाते.

तर या जेटीवरून जे जे दिसते त्याचा मालक कोण? बंदर आणि जेटी सागरी मंडळाकडे. मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर मत्स्यव्यवसाय खात्याकडे. धूपप्रतिबंधक बंधारा पतन अभियंत्यांकडे. वाळू महसूल खात्याकडे. किनाऱ्यापासून किती अंतरावर काय बांधता येईल, हे १९९१ पासून दिल्लीची अधिसूचना ठरवते. पाण्यात काय सोडले गेले ते प्रदूषण नियंत्रण मंडळ तपासते. एवढ्या मालकांत समुद्र वाटला गेल्यावर नगरपालिकेच्या वाट्याला उरते काय? कचरा, गटारे, पिण्याचे पाणी, झाडे आणि बांधकाम परवानगी. यादी दिसायला किरकोळ आहे. पण समुद्रात रोज जे जाते त्यातले बरेचसे याच यादीतून जाते. शहरातले गटार अखेर खाडीला किंवा समुद्रालाच मिळते, आणि वाटेत त्याला कुठे थांबवायचे हे ठरवण्याचे काम नगरसेवकाचे आहे.

कायद्यानेही हे सांगितले आहे. १९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. नगरपालिकांकडे सोपवता येतील असे अठरा विषय तिच्यात आहेत आणि आठवा विषय पर्यावरणाच्या रक्षणाचा आहे. उमेदवारांपैकी किती जणांनी ही अनुसूची पाहिली असेल, असा प्रश्न विचारणे शिष्टाचाराला धरून होणार नाही. अर्ज भरताना त्यांना मालमत्ता सांगावी लागते, गुन्हे सांगावे लागतात, शिक्षण सांगावे लागते. ग्रामपंचायतीच्या उमेदवाराला तर आपण शौचालय नियमित वापरतो, हेही दाखवावे लागते. पर्यावरणाच्या बाबतीत कायद्याने उमेदवाराला विचारलेला हा बहुधा एकमेव प्रश्न. तो चांगलाच आहे. पण त्याच्या पुढचा प्रश्न, म्हणजे त्या शौचालयाची टाकी शेजारच्या विहिरीपासून किती लांब आहे, हा कुणी विचारत नाही.

उमेदवारांच्या मतांत समुद्राविषयी एकच ठोस गोष्ट असते, ती म्हणजे बंधारा. त्यामागचे दुःख खरे आहे. मिऱ्या, पंधरामाड, अलावा या भागांत पावसाळ्यातल्या उधाणाने माडांच्या रांगा गेलेल्या मी पाहिल्या आहेत. घराच्या मागच्या दारात लाट आली की माणूस भिंतच मागणार. जून २०२०च्या निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ नावाचे जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन लागले आणि वर्षानुवर्षे तिथेच रुतून राहिले. त्यामुळे समुद्राची ताकद इथे पुस्तकातून शिकवावी लागत नाही. पण दगडी भिंतीला स्वतःचा हिशेब असतो. तिच्यावर आपटलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि भिंत जिथे संपते तिथल्या पुढच्या वाडीचा किनारा अधिक खचू लागतो. मग पुढच्या निवडणुकीत पुढची वाडी बंधारा मागते. उमेदवाराच्या दृष्टीने याहून चांगले आश्वासन नाही. ते कधी संपतच नाही. नाही तरी बांधणार पतन विभाग, पैसा राज्य सरकारचा, आणि नारळ फोडायला आपण.

भाट्याच्या मुखाशी साचणाऱ्या गाळाचे तसेच. राजिवडा, कर्ला, भाट्ये इथल्या होड्यांना त्या मुखातून आत-बाहेर करणे जिवावरचे होऊन बसते, आणि गाळ काढण्याचे आश्वासन प्रत्येक निवडणुकीत भरतीसारखे येते, ओहोटीसारखे जाते.

मासेमारीचे नाव निघाले की उमेदवार आणखी सावध होतात. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले. राज्याच्या सागरी हद्दीत ही जाळी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढ्याच काळात वापरायची. पारंपरिक मच्छीमाराचे म्हणणे, की ही जाळी बांगड्याचे थवेच्या थवे एका फेरीत उचलतात, आमच्यासाठी काही उरत नाही. पर्ससीनवाल्याचे म्हणणे, की आम्ही कर्ज काढून नौका बांधली आहे, चार महिन्यांत हप्ते कसे फेडायचे? मते दोघांनाही आहेत. म्हणून एका मोहल्ल्यात एक भाषण होते आणि पलीकडच्या वाडीत दुसरे.

नौकांची कर्जप्रकरणे मीही पाहिली आहेत. प्रकल्प अहवालात नौकेची लांबी असे, इंजिनाची अश्वशक्ती असे, डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी, जाळ्यांची झीज असे. दर फेरीला मिळणारी मासळी पहिल्या वर्षी इतकी, दुसऱ्या वर्षी थोडी अधिक, तिसऱ्या वर्षी आणखी अधिक धरलेली असे. हप्ता वाढता, म्हणून मासळीही वाढती! त्या छापील फॉर्मात समुद्राला रकाना नव्हता. सातव्या वर्षी मासळी तितकीच असेल का, हे कुठे भरायचे ते कुणालाच ठाऊक नव्हते.

आता कचऱ्याकडे येऊ, कारण खरी परीक्षा तिथे आहे. रत्नागिरीचा कचरा वर्षानुवर्षे साळवी स्टॉपच्या डेपोवर पडत आला. पर्याय म्हणून दांडेआडोमला घनकचरा प्रकल्पाची जागा पाहिली, तर तिथल्या गावकऱ्यांनी विरोध केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. शहराने आपली घाण गावात का टाकावी, हा त्यांचा प्रश्न. स्टरलाइटच्या वेळी, रिफायनरीच्या वेळी आपणही नेमके हेच विचारले होते. फरक इतकाच, की या वेळी स्टरलाइटच्या जागी आपण होतो.

याला उपाय नाही असे नव्हे. आमच्याहून लहान असलेल्या वेंगुर्ल्याने २०१५च्या सुमारास तो करून दाखवला. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे कचरा घरातूनच वेगवेगळा होऊन बाहेर पडू लागला. ओल्या कचऱ्याचा बायोगॅस झाला, प्लास्टिकचे तुकडे करून ते रस्त्याच्या डांबरात गेले आणि ज्या डेपोजवळून लोक नाक दाबून जात तिथे सहली येऊ लागल्या. ‘वेंगुर्ले पॅटर्न’ म्हणून त्याचे नाव झाले. तिकडे ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९९१ पासून गोरगरिबांकडून वेगळा केलेला कचरा घेऊन बदल्यात भाजीपाला देण्याची योजना चालवली. कुरितिबा लांब आहे, वेंगुर्ले एस.टी.ने जाण्याइतके जवळ. पण एक गोष्ट नजरेआड करू नये. वेंगुर्ल्याच्या कामाला चेहरा मिळाला तो नेमणुकीवर आलेल्या अधिकाऱ्याचा, आणि अधिकाऱ्याची बदली होते. घरात दोन बादल्या ठेवा असे सांगणारा, न ठेवणाऱ्याला दंड करणारा आणि त्यासाठी शेजाऱ्यांचे शिव्याशाप खाणारा नगरसेवक निवडून येईल का? २०१६च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा देणे घरमालकावर बंधनकारक केले. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. प्रचाराच्या भाषणात या दोन्हींचा उल्लेख मी ऐकला नाही. ऐकणार तरी कसा? त्यात मतदाराने काही करायचे आहे.

आपण मतदार मागतो काय, तेही पाहिले पाहिजे. आमच्या आळीत आलेल्या उमेदवाराकडे झालेल्या मागण्या माझ्या कानावर आहेत. दारापर्यंत पेव्हर ब्लॉक, गटारावर झाकण, पाखाडीला काँक्रीट, आणि घरपट्टी वाढवू नका. एकाही गृहस्थाने गटार पुढे कुठे जाते हे विचारले नाही. झाकण हवे, म्हणजे दिसणार नाही. घरपट्टी वाढवायची नाही आणि कचऱ्यावर प्रक्रियाही हवी, हे गणित कुठल्याही खातेवहीत बसत नाही.

पेव्हर ब्लॉकचे वाटते तितके क्षुल्लक नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओरड होते. बाहेरच्या माणसाला हे कोडे वाटते. आमचा जांभा सच्छिद्र आहे. वर पडलेले पाणी तो पितो आणि उतार धरून खाली सोडून देतो. सड्यावरचे गवत, झुडपे, मोकळी माती हे पाणी जितके रेंगाळत ठेवतील तितकी खालच्या विहिरीला ओल टिकते. अंगणे, पाखाड्या, मंदिरांची आवारे सिमेंटने बंद करत गेलो, की ते पाणी गटारातून थेट समुद्राला जाते आणि मे महिन्यात आपण शीळ धरणाकडे डोळे लावून बसतो. नगरपालिकेच्या हातातला पर्यावरणाचा सर्वांत मोठा निर्णय कदाचित हाच असेल, की अंगणाचा किती भाग मातीचा राहील. तो बांधकाम परवानगीच्या कागदात असतो. त्याच्यावर सभा होत नाहीत.

आणखी एक. मागच्या दोन निवडणुकांचे महिने पाहा. २०१६ मध्ये नोव्हेंबर, २०२५ मध्ये डिसेंबर. हे दिवस म्हणजे कोकणाचे माहेरपण. समुद्र शांत, विहिरी भरलेल्या, हवेत गारवा. मे महिन्यातला हंडा आणि जुलैतले उधाण, दोन्ही मतदाराच्या आणि उमेदवाराच्याही स्मरणातून गेलेली असतात. मतदान मेच्या तिसऱ्या आठवड्यात ठेवले तर जाहीरनामे पुष्कळ बदलतील, असे मला वाटते. निवडणूक आयोग माझे ऐकेल अशी लक्षणे नाहीत. असो.

या वेळी मी ओसरीवर आलेल्या प्रत्येकाला रिफायनरीबद्दल विचारणे सोडून दिले आणि एकच प्रश्न ठेवला: आपल्या प्रभागात सार्वजनिक विहिरी किती? एक जण म्हणाला, ‘निवडून आल्यावर सर्व्हे करू.’ दुसऱ्याने विषय बंधाऱ्याकडे वळवला. तिसरा अगदी पोरसवदा होता. ‘काका, पाच,’ म्हणाला. त्याच्याबरोबर आलेली एक वयस्क बाई मागून म्हणाली, ‘पाच कशा? सहा.’ बोटांवर मोजणी सुरू झाली. सहावी विहीर वडाजवळची की तिच्यावर स्लॅब पडला, यावरून कार्यकर्त्यांत चांगलीच जुंपली. एक जण म्हणे तिचे पाणी अजून गोड आहे, दुसरा म्हणे तिच्यात गणपतीचे निर्माल्य टाकतात. शेवटी ती बाई म्हणाली, ‘चला, दाखवते.’ आणि सगळी मंडळी तिच्या मागोमाग पाखाडी उतरून गेली. पत्रक द्यायचे तेवढे राहिले.